वडावरची खोटी गाठोडी

गाय व्याली की जार पडावा लागतो. जार म्हणजे वासराबरोबर पोटात वाढलेली पिशवी. काही तासांत आपोआप पडला तर ठीक. नाही पडला तर कोणीतरी हात घालून सोडवतं. तो हात गायीच्या मालकाचा नसतो. मालक दारात उभा राहून "हळू, हळू" म्हणतो. हात बाईचा असतो.

आमच्या गावात तो हात बरीच वर्षं माझा होता. गाव तापीकाठी, शहाद्यापासून एसटीनं जवळ. केळी, ऊस, कापूस आणि जवळपास प्रत्येक दारात दोन-चार गायी. मी चौथीपर्यंत शिकले, पुढे शिकवायचं कोणाच्या मनात नव्हतं. गोठ्यातलं काम सासूनं शिकवलं. नखं काप, बांगड्या वर सार, कोपरापर्यंत तेल लाव, आणि दुसऱ्याच्या गोठ्यात जे बघशील ते तिथंच ठेवून ये. शेवटचं तिनं सगळ्यात जास्त वेळा सांगितलं. कोणाची गाय मेलेलं वासरू टाकते हे बाहेर गेलं तर त्या घरचं जनावर कोणी घेत नाही, डेअरीवाला दूध नाकारतो. म्हणून तोंड बंद. मी ते पाळलं. तेल लावायला एखाद्या वेळी विसरले असेन, पण बोलले कधीच नाही. ते उलटं झालं असतं तर बरं झालं असतं.

काही वर्षांपूर्वी मला ताप धरला. सकाळी काही नसायचं. दुपार कलली की चढायचा आणि उतरताना एवढा घाम यायचा की गोधडी पिळून काढावी. कंबर आणि गुडघे असे धरले की भाकरी थापायला बसले तर उठवायला दोन माणसं लागायची. एका डॉक्टरनं टायफॉइड म्हटलं, दुसऱ्यानं मलेरिया. तिसऱ्यानं तपासलंच नाही, म्हणाला, "आजी, वय झालं." वय झालं हे मला माहीत होतं. ते ऐकायला मी एसटीत उभी राहून आले नव्हते. असं वर्षभर चाललं. वर्षभरात एकानंही विचारलं नाही की बाई, तू हातानं काय काम करतेस.

शेवटी नंदुरबारच्या एका डॉक्टरनं विचारलं. घरी गुरं आहेत का, गाय व्याताना हात कोण लावतं, जार कोण सोडवतं. मग रक्त तपासलं आणि नाव सांगितलं, ब्रुसेला. आजार गुरांचा. गायीला झाला की ती सातव्या-आठव्या महिन्यात गाभ टाकते. त्या मेलेल्या वासरात, जारात, पाण्यात सगळीकडे तो आजार असतो आणि हाताला जरा खरचटलेलं असलं तरी आत शिरतो. कच्च्या दुधातूनही येतो. माणूस त्यानं बहुतेक मरत नाही. नुसता वाया जातो.

मी विचारलं, "याची लस नाही का?"

"जनावरांसाठी आहे. माणसांसाठी नाही."

"म्हणजे गायीला टोचलं तरच मी वाचणार?"

"तसंच म्हणा," तो म्हणाला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

दीड महिना दोन प्रकारच्या गोळ्या खाल्ल्या. ताप गेला, कंबर गेली ती परत आली नाही. गोठ्यातलं काम सुनेकडे गेलं. लोक म्हणाले, बरं झालं, म्हातारी सुटली. कोणी सुटलं नव्हतं. माझा हात निघाला आणि त्या जागी तिचा गेला, एवढंच झालं होतं.

त्यानंतर वर्ष-दीड वर्षानं गावात ती पोरगी आली. जनावरांची डॉक्टर होती, दुसऱ्या जिल्ह्यातली. एक नवी लस तयार होत होती आणि ती खऱ्या गावात, खऱ्या गोठ्यांत चालते का हे बघायचं काम तिच्याकडे होतं. मारुतीच्या पारावर सभा झाली. पुरुष पारावर, आम्ही बाया खाली भिंतीच्या सावलीत. तिनं सोपं करून सांगितलं. जुनी लस आहे, पण ती टोचली की नंतर रक्त तपासताना आजारी गाय कोणती आणि लस टोचलेली कोणती हे नीट ओळखू येत नाही. शिवाय ती जिवंत जंतूंची, टोचताना सुई माणसाला लागली तर माणूसच आजारी पडतो. नवीत ही दोन्ही दुखणी नसावीत अशी तयारी आहे. पण गाभ टाकणं थांबतं का, हे अजून कोणाला माहीत नाही. म्हणून अर्ध्या कालवडींना लस टोचायची आणि अर्ध्यांना नुसतं खारं पाणी. कोणत्या कालवडीला काय टोचलं ते तिलाही कळणार नाही. यादी दुसरीकडे, बंद पाकिटात.

यावर पार खवळला.

"अर्धास्ले पानी टोचशात? आमनी गाय काय पाप करेल शे?"

"ताई, मन्ही घरवालीले टोचा पहिले, ती बी लाथा मारस," एक म्हातारा म्हणाला.

त्याची बायको भिंतीकडून ओरडली, "तुले मातर पानीच टोचतीन, दवाई वाया जाई!"

सगळे हसले, पोरगीही हसली. मग तिनं विचारलं, "कापसाचं नवीन बियाणं आलं तर तुम्ही सगळ्या शेतात लावता का? की निम्म्यात जुनं ठेवून बघता?" हे लोकांना पटलं. कालवडींच्या कानात पिवळे बिल्ले बसले, फॉर्म भरले गेले. फॉर्मवर 'मालकाचं नाव' असा रकाना होता. त्यात सगळी पुरुषांची नावं आली. पुढं काय झालं त्याचं अर्धं कारण त्या रकान्यात आहे.

आमच्या घरचीही एक कालवड त्यात होती. मीच मुलाला सही करायला लावली. माझ्यासाठी हिशेब सरळ होता. लस खरी निघाली तर सुनेचा हात वाचेल. खोटी निघाली तर तसं आत्ताच कळायला हवं, तिचा हात लसीच्या भरवशावर गायीत जाण्याआधी.

कालवडी मोठ्या होऊन गाभण राहून व्यायला वेळ लागतो. तेवढा काळ पोरगी येत-जात राहिली. पुढे शाळेमागे एक खोली घेऊन राहिली. गावानं तिला लेकीसारखं धरलं. हिच्याकडे कळण्याची भाकरी, तिच्याकडे भरीत. कोणाच्या म्हशीचं पोट फुगलं तर दुपारच्या उन्हात धावायची. माझी कंबर चेपून बघायची, गोळ्या विचारायची. एकदा कोणीतरी विचारलं, "ताई, हाई काम संपनं म्हंजे तुले काय भेटी?" ती म्हणाली, "हे नीट पार पडलं तर माझी मोठी पदवी होईल. ही माझी परीक्षाच समजा."

इथंच घोटाळा झाला. तिनं आपलं सहज सांगितलं. गावानं काय ऐकलं? पोरीची परीक्षा आहे, आणि गायीनं गाभ टाकला की ती नापास.

तिनं सांगितलं होतं की गाभ टाकला तर हात लावू नका, मला लगेच बोलवा, मला त्यातला तुकडा तपासायला न्यायचा आहे. कोपराच्या वरपर्यंत येणारे हातमोजे तिनं घरोघर वाटले. एका घरात ते फवारणीला वापरले. आमच्या घरात सुनेनं पत्र्याच्या पेटीत ठेवले, चांगली वस्तू कशाला खराब करायची म्हणून. जार झाडाला टांगू नका, चुना टाकून पुरा, हेही तिनं सांगितलं. त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या आणि टांगतच राहिले. आमच्याकडे रीत अशी की व्यालेल्या गायीचा जार गोणपाटात बांधून वडाला टांगायचा. वडाला चीक असतो, म्हणून गायीला दूध उतरतं म्हणतात. मीही टांगलेत, किती ते आठवत नाही. पोरीनं शेवटी हात टेकले. म्हणाली, "निदान मोजायला तरी बरं." महिन्याला वही घेऊन घरोघर फिरायची, मालकाला विचारायची, गाय कशी आहे, व्याली का. मग नाल्याकाठच्या वडाखाली उभी राहून गाठोडी मोजायची. तोंडी उत्तर आणि गाठोडं जुळलं की वहीत टिक. रक्तही घ्यायची, पण रक्त दूर कुठंतरी जायचं आणि आजार शिरला का तेवढंच सांगायचं. गाभ टाकला की नाही ते माणसानंच सांगावं लागतं.

पहिल्यांदा माझ्या दिराच्या गायीनं टाकला. दीर पारावर पहिला बोलणारा माणूस. गाय आठव्या महिन्यात होती. जार अडकला आणि माझी कंबर अशी असतानाही मलाच बोलावलं, कारण बाहेरची बाई बोलली असती. मी स्टुलावर बसून त्याच्या बायकोला काय कर ते सांगितलं. तिनं हात घातला, उघडाच. वासरू उसात नेऊन पुरलं. दीर म्हणाला, "वहिनी, ताईले सांगू नका. बिचारीनं इतलं कष्टानं करेल शे." मी काही बोलले नाही. ते माझ्या सवयीचं होतं.

त्या महिन्यात पोरगी वडाखाली आली तेव्हा तिथं दिराच्या नावाचं गाठोडं होतं. तिनं टिक केली.

मी ते गाठोडं पाहिलं. जार टांगला की पहिल्याच दिवशी कावळे येतात, माश्यांचं मोहोळ लागतं, खाली कुत्री झगडतात. या गाठोड्याकडे एकही कावळा फिरकला नाही. दोन दिवसांनी मी काठीनं ते दाबलं. आत केळीच्या खोडाचे सोपट आणि चिंध्या. वासराचं काय विचारलं तर उत्तर तयार होतं, "गोऱ्हा होता, दी टाका." गाय त्यानं मोलगीच्या बाजारात विकली. पोरीला सांगितलं, उसाच्या लागवडीला पैसे हवे होते.

अशा मी चार गायी मोजल्या. चारही घरांत मला बोलावलं होतं, चारही ठिकाणी बाईचा हात उघडा होता आणि चारही वेळा वडावर कावळ्यांविना गाठोडं आलं. त्यातल्या दोन गायी मोलगीला गेल्या, डोंगरातल्या माणसांना. पोरीची वही सुंदर होत चालली होती. एकदा ओसरीवर बसून ती मला म्हणाली, "आजी, अजून कोणीच गाभ टाकला नाही. पाणी टोचलेल्यांनीसुद्धा नाही. गाव खरंच नशीबवान आहे." तिच्या तोंडावर आनंद होता आणि थोडी शंकाही. मी शेंगा निवडत होते. निवडत राहिले. तेव्हा तोंड उघडलं नाही याचा राग मला दिरापेक्षा माझाच जास्त येतो.

मग आमची गाय.

दुपारची वेळ. मुलगा केळीच्या बागेत होता. मी ओसरीवर पाय पसरून बसले होते तेव्हा सुनेचा आवाज आला, "आत्या, गाय बसी गयी!" मी काठी घेऊन निघाले. दहा पावलांचं अंतर, पण माझ्या पायांना वेळ लागतो. पोचले तेव्हा वासरू बाहेर पडलेलं होतं, केस नीट न आलेलं, मेलेलं. मागून जार लोंबत होता, पिवळट, ठिकठिकाणी चामड्यासारखा जाड झालेला. असा जार मी ओळखते. सून गुडघ्यावर बसून हात घालत होती. करंगळीजवळ केळीचं पान कापताना विळा लागलेला होता, दोन दिवसांपूर्वी. ताजी खपली.

"हात काढ!" मी ओरडले. "वहू, काढ आधी!"

"आत्या, अडकी गयं ते. सडी जाई आत."

"सडू दे! तुन्हा हात सडाले पाहिजे का मंग?"

मी तिच्या पाठीत काठी घातली. हो, घातली. तिनं हात काढला आणि रडायला लागली. मी तिला साबणानं, गरम पाण्यानं पुन्हा पुन्हा हात धुवायला लावले आणि पत्र्याची पेटी उघडायला सांगितली. हातमोजे घडी न मोडता तसेच होते. त्या घडीकडे बघून माझं डोकं फुटायची वेळ आली.

मुलगा आला. बघितलं आणि पहिली गोष्ट काय केली, तर गोणपाट शोधायला लागला.

"कसाले पाहिजे गोणपाट?"

"माय, तू चूप ऱ्हाय. येत्या सोमवारले ताईना साहेब येवाव शेत, वह्या तपासाले. आपली गायमुये पोरगी नापास व्हई जाई. आतेच पुरी टाकू."

"आनि वडले काय टांगशी? केयना सोपट?"

तो शोधायचा थांबला. म्हणजे त्यालाही सगळं माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. फक्त जिच्यासाठी चाललं होतं तिला माहीत नव्हतं.

मी वासरावर पोतं टाकलं, वर चुना पसरला, गोठ्याच्या दारात बाज ओढायला लावली आणि तिच्यावर आडवी बसले. "आठे कोनी हात लावानं नही. ताईले फोन कर."

"माय, तुले काय समजस त्यामा?"

"माले इतलं समजस," मी म्हटलं, "लस चालस नही आनि वहीमा चालस लिखेल ऱ्हायनं, तर उद्या ती गावोगाव टोचतीन. लोके म्हनतीन, आते भ्याव नही. आनि बाया उघडा हात घालतीन. तुन्ही बायकोबी."

त्यानं फोन केला नाही. मग सुनेनं केला. हात धुऊन धुऊन तिची बोटं पांढरी पडली होती.

दीर आला तो पोरीच्या आधी. गल्लीतूनच सुरू झाला. "वहिनी, गावनं नाव खराब करी ऱ्हायनात तुम्ही! पोरगीनं वाटोयं करशात!"

"गावनं नाव तुन्ही गायनी खराब कयं, मोलगीना बाजारमा," मी म्हटलं. "आनि हाऊ गोठा मन्हा शे. चाल निंघ."

पन्नास वर्षांत मी त्याला असं बोलले नव्हते. तो चार पावलं मागं सरला, पण गेला नाही. मागं अजून लोक जमले. कोणी म्हणालं म्हातारी चळली, कोणी म्हणालं ताप डोक्यात गेला. मी बाजेवरून हलले नाही. कंबर असल्या वेळी कामाला येते, हलायचं म्हटलं तरी हलत नाही.

पोरगी त्या दिवशी शहाद्याला गेली होती, तिथून मिळेल त्या गाडीनं आली. हातमोजे घातले, आधी गायीकडे बघितलं, मग तुकडे घेतले, डब्या भरल्या, थंड पेटीत ठेवल्या. सगळं झाल्यावर म्हणाली, "आजी, पहिलीच. एवढ्या दिवसांत पहिलीच केस." आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "पाचवी."

मी घरं सांगितली नाहीत. तेवढी सासूची शिकवण राहिली. म्हटलं, वडाखाली जा आणि ज्यांच्यावर कावळे बसत नाहीत ती गाठोडी सोड. ती गेली. मागून अर्धं गाव गेलं. मला चालवत नव्हतं, सुनेनं येऊन सांगितलं. एक गाठोडं सोडलं, सोपट. दुसरं सोडलं, जुनं धोतर आणि सोपट. तिसऱ्याला पोरगी थांबली आणि वडाच्या मुळावर बसली. कोणी पाणी दिलं ते घेतलं नाही. मग आमच्या गल्लीतला एक जण पुढे होऊन म्हणाला, "ताई, आम्ही तुन्हा भलासाठेच कयं." सून सांगते, ती म्हणाली, "माहीत आहे मला." नंतर उठली आणि तिसरं गाठोडं सोडलं.

संध्याकाळी माझ्याकडे आली. डोळे सुजलेले. "आजी, तुम्हाला सगळं माहीत होतं. मला का नाही सांगितलंत?"

मला तिची कीव यायला हवी होती. राग आला.

"तू विचारलंस कोणाला? पारावर जाऊन विचारलंस. मालकाला विचारलंस. गाय व्यायला लागली की मालक कुठं असतो, बघितलंस कधी? माझ्या ओसरीवर इतक्यांदा बसलीस, माझी कंबर विचारलीस, गोळ्या विचारल्यास. गाय विचारलीस का? माझ्या सुनेला एकदा तरी विचारलंस?" मग श्वास घेऊन म्हटलं, "आणि तू विचारलं असतंस तरी मी खोटंच सांगितलं असतं. तेही तुझ्या वहीत लिही."

तिनं वही उघडली आणि ते लिहिलं. हे तिचं मला आवडतं, लगेच समजूत घालायला लागत नाही. जाताना सुनेची करंगळी बघितली, रक्त घेतलं आणि तिला सांगितलं की तीन आठवड्यांनी परत घ्यायचं, ताप आला तर त्याच दिवशी कळवायचं.

सोमवारी तिचे साहेब आले. तिनं स्वतःच सांगितलं की वही खोटी आहे. तिला काय ऐकावं लागलं ते मी ऐकलं नाही, तिनं सांगितलं नाही. पदवी लांबली एवढं कळलं. गावानं आमच्याशी बोलणं टाकलं. डेअरीवाल्यानं आमचं दूध काही महिने बंद ठेवलं, बरोबरच केलं, पण फक्त आमचं ठेवलं. पोरगी पुन्हा पहिल्यापासून घरोघर फिरली. या वेळी चुलीपाशी बसली. बाया बोलल्या. मी चार धरल्या होत्या, त्यापेक्षा जास्त निघाल्या. पुढे यादी उघडली तेव्हा दिसलं की लस चालते. पाणी टोचलेल्या गायींनी जास्त गाभ टाकले, लस टोचलेल्यांनी कमी. पण शून्य नाही. आमच्या गायीला खरी लस टोचलेली होती. गावाच्या वहीवर विश्वास ठेवला असता तर काहीच कळलं नसतं, कारण वहीत पाणीसुद्धा लसीएवढंच गुणकारी होतं. सुनेचं रक्त दोन्ही वेळा चांगलं आलं. नशीब. नशिबाला मी औषध म्हणत नाही.

पण यादी उघडण्याआधी दोन गायी मोजायच्या राहिल्या होत्या, मोलगीला विकलेल्या. त्यांचं पुढं काय झालं ते पोरीला हवं होतं. दिरानं घेणाऱ्याचा पाडा सांगितला, तो मी त्याच्या दारात बसून राहिले तेव्हा. मी म्हटलं, मीही येते. मुलगा म्हणाला, तुझी कंबर. मी म्हटलं, माझी कंबर मी बघते.

मोलगीपर्यंत जीप, पुढं दुसरी जीप, पुढं ती जाईना तिथून चालत. मला जीपवाल्यानं आणि पोरीनं दोन बाजूंनी धरलं होतं. एका गायीचा पत्ता लागला नाही, ती पुढं अजून कोणाला विकली गेली होती. दुसरी सापडली. कानातला बिल्ला कापून काढला होता, भोक राहिलं होतं. माझ्या दिराची गाय मी कशीही ओळखते. पुन्हा गाभण होती, पोट खाली आलेलं.

झोपडीतून एक बाई बाहेर आली. सुनेच्या वयाची असेल. तिला आमची भाषा नीट येत नव्हती, आम्हाला तिची मुळीच नाही. जीपवाला मध्ये उभा राहिला. पोरीनं समजावून सांगितलं, आजार कोणता, गाय व्याली की काय करायचं, काय करायचं नाही, दूध उकळून प्यायचं. हातमोजे दिले आणि ते स्वतःच्या हातात घालून दाखवले. बाई ऐकत होती. गायीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. मग तिनं माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं.

जीपवाला जरा घुटमळला. मी म्हटलं, सांग.

"ती विचारते, गाय विकली तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं का?"

पोरगी पुढं होऊन काही बोलणार होती, की आजींची गाय नव्हती ती. मी तिचा हात धरून मागं ओढला.

"होतं," मी म्हटलं. "सांग तिला. होतं."

त्यानं सांगितलं. बाईनं मला आत बोलावलं नाही, पाणी दिलं नाही. गायीचं दावं सोडलं आणि तिला झोपडीपासून लांब, उतारावरच्या झाडाला नेऊन बांधलं. मग परत येऊन पोरीच्या हातातले हातमोजे घेतले आणि ते कसे घालायचे ते पुन्हा एकदा दाखवायला सांगितलं.